ऑस्ट्रेलियात फुटबॉल एक नाही, चार आहेत. आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा इलाखा हवाय

२३ ऑक्टोबर २०२२. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजेच एमसीजी. टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये भारत विरुद्ध पाकिस्तान. विराट कोहलीच्या नाबाद ८२ धावांचा तो सामना आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. त्या दिवशी स्टेडियममध्ये ९०,२९३ प्रेक्षक होते.

पण त्याच्या बरोबर महिनाभर आधी, २४ सप्टेंबरला, याच मैदानावर १,००,०२४ लोक बसले होते. म्हणजे भारत-पाकिस्तानपेक्षा जवळपास दहा हजार जास्त. सामना होता जिलाँग विरुद्ध सिडनी. खेळ होता फुटबॉल. पण मेस्सी-रोनाल्डोवाला नाही, लंबगोल चेंडूचा, क्रिकेटच्या गोल मैदानावर खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉल.

गंमत अशी की याच देशात आणखी तीन खेळांना लोक 'फुटबॉल' म्हणतात. या चौघांत गेल्या शंभरहून अधिक वर्षांपासून भांडण चालू आहे. कुणाची गर्दी मोठी, कुणाचा टीव्ही करार मोठा, कुणी कुणाच्या शहरात टीम घुसवली, असं हे भांडण. त्यात क्लब बंद पडलेत, लोक रस्त्यावर उतरलेत, एका राज्याचं सरकार अडचणीत आलंय आणि आता तर शेजारच्या देशाचं राजकारणही त्यात आलंय. विषय नेमका काय आहे ते नीट समजून घेऊ.

चार फुटबॉल कोणते?

तिकडे या प्रकारांना 'कोड' म्हणतात.

पहिला, ऑस्ट्रेलियन रूल्स. एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही; एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. याची मुख्य स्पर्धा म्हणजे एएफएल.

दुसरा, रग्बी लीग. १३-१३ खेळाडू, चौकोनी मैदान. सहा वेळा अडवलं गेलं की चेंडू समोरच्याकडे. मुख्य स्पर्धा एनआरएल.

तिसरा, रग्बी युनियन. १५-१५ खेळाडूंचा जुना रग्बी. 'वॉलबीज' म्हणजे याच खेळातला ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ.

आणि चौथा आपल्या ओळखीचा, जगाचा फुटबॉल. तिथे बहुतेक लोक त्याला सॉकर म्हणतात. स्पर्धेचं नाव ए-लीग.

'फुटी' हा लाडाचा शब्दसुद्धा वादाचा आहे. मेलबर्नमध्ये कुणी 'फुटी बघायला चाललो' म्हणालं, तर तो एएफएलला निघालाय. तेच वाक्य सिडनीत ऐकलं तर तो रग्बी लीगला चाललाय.

एवढे वेगळे खेळ आले कुठून?

दोन्ही मोठ्या खेळांच्या जन्मात क्रिकेट आहे.

१८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. म्हणणं असं की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, तर त्यांना चपळ ठेवायला एक फुटबॉल क्लब काढावा. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबच्या मंडळींनी खेळाचे नियम लिहून काढले. लंडनमध्ये सॉकरचे नियम ठरले ते १८६३ मध्ये, म्हणजे मेलबर्नचे नियम त्याहून चार वर्षांनी जुने. म्हणूनच मेलबर्नच्या माणसासाठी फुटी हा नुसता खेळ नसतो. इंग्लंडकडून उसना न घेता आपण स्वतः घडवलेली गोष्ट, असा त्यामागे अभिमान असतो.

सिडनीने मात्र इंग्लंडचा रग्बी घेतला. तिथे वेगळीच ठिणगी पडली. रग्बी तेव्हा हौशी खेळ होता, खेळाडूंना पैसे मिळत नसत. मैदानावर गर्दी व्हायची, तिकिटं विकली जायची, पण गोदीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या खेळाडूचा खांदा निखळला की त्याची मजुरी बुडायची आणि भरपाई शून्य. यातून १९०७ मध्ये फुटून रग्बी लीग जन्माला आली. फुटणाऱ्यांमध्ये कोण होतं? कसोटी क्रिकेटमधला दिग्गज फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर. त्याच्या सिडनीतल्या दुकानात बैठका व्हायच्या आणि नव्या संघटनेचा पहिला खजिनदारही तोच होता. १९०८ मध्ये पहिली स्पर्धा झाली. कामगार वस्त्या लीगकडे गेल्या, महागड्या खासगी शाळा युनियनकडे राहिल्या. ही वर्गाची रेघ आजही पूर्ण पुसलेली नाही.

देशाला दुभागणारी रेषा

१९७८ मध्ये इयन टर्नर या इतिहासकाराने एका गमतीशीर व्याख्यानात ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेषा ओढली. तिला नाव दिलं फुटीचा महान खेळाडू रॉन बारासी याचं. ही 'बारासी लाइन' उत्तरेकडून तिरकी खाली येत कॅनबेरावरून आग्नेय किनाऱ्याला जाते. रेषेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, टास्मानिया : इथे फुटीचं राज्य. रेषेच्या पूर्वेला सिडनी, ब्रिस्बेन : इथे रग्बी.

सगळ्या भांडणाचं गणित या रेषेत आहे. फुटीकडे राज्यं जास्त. पण न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या रेषेपलीकडच्या दोन राज्यांतच देशाची अर्ध्याहून थोडी जास्त लोकसंख्या राहते. टीव्हीवर जाहिरात देणाऱ्याला तर सगळा देश हवा असतो. त्यामुळे एएफएलला सिडनी-ब्रिस्बेन पाहिजे आणि एनआरएलला मेलबर्न-पर्थ. दोघांनाही आपलं घर सोडून दुसऱ्याच्या अंगणात चूल मांडायची आहे.

गर्दी कुणाची मोठी?

स्टेडियममधली गर्दी मोजली तर उत्तर सोपं आहे : एएफएल. अलीकडच्या हंगामांत एएफएलला वर्षाला ८० लाखांवर प्रेक्षक आले, सामन्यामागे सरासरी ३७-३८ हजार. एनआरएलची सरासरी २० हजारांच्या आसपास. एएफएल क्लबांचे पैसे भरलेले सदस्य १२ लाखांहून जास्त आहेत. १९७० च्या अंतिम सामन्याला तर एमसीजीवर १,२१,६९६ लोक होते, तो विक्रम आजही कायम आहे.

पण हा फरक फक्त प्रेमाचा नाही, मैदानांचाही आहे. मेलबर्न शहरात एएफएलचे ९ क्लब आहेत. सिडनी आणि तिला लागूनच्या भागात एनआरएलचेही ९ क्लब आहेत. मग गर्दीत एवढी तफावत का? कारण मेलबर्नच्या क्लबांनी आपापल्या उपनगरातली जुनी छोटी मैदानं सोडली. आज ते प्रामुख्याने दोनच मोठ्या स्टेडियममध्ये खेळतात : एमसीजी आणि डॉकलँड्स. दोन्ही संघांचे चाहते एकाच शहरातले, ट्रेनने वीस मिनिटांत पोचणारे, आणि स्टेडियममध्ये सगळ्यांना जागा. सिडनीत मात्र बरेच क्लब अजून आपल्या उपनगरातल्या मैदानाला धरून आहेत. तिथे वातावरण जबरदस्त असतं, पण जागाच वीसेक हजार. भांडं लहान असेल तर दूध कितीही असो, मावणार तेवढंच.

आता मोजपट्टी बदलू. टीव्हीवर रग्बी लीग तगडी आहे. चौकोनी छोटं मैदान, ८० मिनिटांचा आटोपशीर सामना, कॅमेऱ्यात सगळं दिसतं. फुटीचं मैदान इतकं पसरट की निम्मा खेळ स्क्रीनबाहेर चालू असतो; तो मैदानात बसून बघायचा खेळ. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड ही लीगची 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिका १९८० मध्ये सुरू झाली. तिचे तीन सामने दरवर्षी देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत असतात. आणि हा खेळ मेलबर्नमध्ये नेला तर? २०१५ मध्ये ओरिजिनचा एक सामना थेट एमसीजीवर झाला, ९१,५१३ लोक आले.

म्हणून दरवर्षी हंगाम संपला की दोन्हीकडून पत्रकं निघतात. एएफएल म्हणते आमची गर्दी बघा, एनआरएल म्हणते आमचे टीव्हीचे प्रेक्षक बघा. दोघांचेही आकडे खरे असतात. फक्त प्रत्येकजण आपल्या सोयीची फूटपट्टी काढतो.

पैशांच्या करारात मात्र सध्या एएफएल पुढे आहे. २०२५ ते २०३१ या सात वर्षांसाठी तिचा प्रसारण करार ४५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा आहे. एनआरएलचा चालू करार २०२७ मध्ये संपतो. त्यामुळे सध्या लीगवाले नव्या टीमांच्या घोषणा धडाधड का करतायत, याचं उत्तर इथे सापडतं. एक वाढीव टीम म्हणजे नवं शहर, आणि दोन वाढल्या की दर आठवड्याला टीव्हीला विकायला आणखी एक सामना.

फुटी सिडनीत कशी पोचली?

१९८० च्या आसपास एएफएलचं नाव व्हीएफएल होतं, म्हणजे व्हिक्टोरिया या एका राज्याची लीग. क्लब कर्जात बुडाले होते. त्यातला साउथ मेलबर्न हा जुना क्लब १९८२ मध्ये उचलून सिडनीला नेला गेला आणि सिडनी स्वान्स झाला. सदस्यांनी विरोध केला, चालला नाही. पुढे १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनच्या टीम आल्या आणि १९९० मध्ये लीगने नाव बदलून एएफएल केलं.

पण सिडनीने स्वान्सला लगेच जवळ केलं नाही. १९९२-९३ मध्ये त्यांनी सलग २६ सामने गमावले. स्टँड ओस पडले होते. तेव्हा या टीमला सावरायला कोच म्हणून कोण गेलं? ज्याच्या नावाने ती रेषा ओढली तोच रॉन बारासी! हळूहळू गाडी रुळावर आली. १९९६ ला अंतिम फेरी, २००५ ला विजेतेपद. आज सिडनी क्रिकेट ग्राउंडवर स्वान्सच्या सामन्यांना ३० हजारांवर लोक येतात. पण याला दोन दशकं लागली आणि त्या काळात लीगने पैसा, खेळाडू, सवलती सगळं ओतलं.

या विस्ताराची किंमत मोजली ती फिट्झरॉयने. १८८३ मध्ये स्थापन झालेला मेलबर्नचा हा क्लब पैशाअभावी १९९६ मध्ये शेवटचा सामना खेळला आणि ब्रिस्बेनच्या टीममध्ये विलीन झाला. ब्रिस्बेन लायन्सच्या जर्सीवरचा सिंह फिट्झरॉयचाच. लायन्सने २००१, २००२, २००३ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. फिट्झरॉयच्या काही म्हाताऱ्या चाहत्यांनी त्यांना आपलं मानलं, काहींनी मात्र फुटी बघणंच सोडून दिलं.

पॅकर विरुद्ध मर्डॉक : लीगचं घरगुती युद्ध

केरी पॅकर हे नाव क्रिकेटवाल्यांना माहीत आहे. सत्तरच्या दशकात रंगीत कपडे, रात्रीचे सामने आणून क्रिकेट हलवून सोडणारा टीव्हीसम्राट. १९९५ मध्ये तसाच प्रयोग रग्बी लीगवर झाला, पण यावेळी पॅकर प्रस्थापितांच्या बाजूने होता आणि बंड केलं होतं रुपर्ट मर्डॉकच्या कंपनीने. पे-टीव्ही नुकताच येत होता आणि त्याला खेळ हवा होता. मर्डॉकच्या लोकांनी रातोरात खेळाडू करारबद्ध केले. १९९७ मध्ये चक्क दोन वेगळ्या लीग चालल्या, एक १२ संघांची आणि दुसरी १० संघांची. चाहते वैतागले, गर्दी आटली. ज्या काळात फुटी देशभर पसरत होती, त्याच काळात लीग स्वतःचंच घर जाळत बसली होती.

१९९८ मध्ये समेट होऊन एनआरएल झाली, पण अट अशी की २००० पर्यंत २० चे १४ संघ करायचे. पर्थ, ॲडलेडच्या नव्या टीम बंद झाल्या. जुन्या क्लबांना विलीन व्हायला भाग पाडलं. आणि साउथ सिडनी या १९०८ पासूनच्या, सर्वाधिक विजेतेपदांच्या क्लबला थेट बाहेर काढलं.

इथे लीगचा अंदाज चुकला. साउथ सिडनीचे लोक गप्प बसले नाहीत. सिडनीच्या रस्त्यांवर हजारोंचे मोर्चे निघाले. क्लब कोर्टात गेला, २००१ मध्ये अपिलात जिंकला आणि २००२ मध्ये परत आला. २०१४ मध्ये याच क्लबने विजेतेपदही पटकावलं.

याच धामधुमीत एक विस्तार मात्र जमला. १९९८ मध्ये फुटीच्या राजधानीत मेलबर्न स्टॉर्म ही लीगची टीम आली आणि दुसऱ्याच वर्षी विजेती झाली. सिडनीतल्या त्या अंतिम सामन्याला १,०७,९९९ प्रेक्षक होते. पुढे २०१० मध्ये पगारमर्यादा मोडल्याबद्दल स्टॉर्मची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली, तरी टीम टिकली.

गोल्ड कोस्ट : टीमांची स्मशानभूमी

क्वीन्सलँडचं गोल्ड कोस्ट म्हणजे समुद्रकिनारा, पर्यटक, झपाट्याने वाढणारं शहर. नकाशावर बघितलं की प्रत्येक लीगच्या तोंडाला पाणी सुटतं. पण इथे माणसं बाहेरून आलेली, प्रत्येकाची टीम आधीच ठरलेली.

लीगची पहिली टीम इथे १९८८ मध्ये आली आणि दहा वर्षांत संपली. सॉकरची गोल्ड कोस्ट युनायटेड २००९ मध्ये आली. मालक खाणसम्राट क्लाइव्ह पामर. सामन्याच्या सार्वजनिक वाहतुकीचा खर्च वाचावा म्हणून या मालकाने एकदा प्रेक्षकसंख्याच ५,००० वर रोखायचं ठरवलं! २०१२ मध्ये परवाना गेला, टीम संपली.

२०११ मध्ये एएफएलने गोल्ड कोस्ट सन्स आणि २०१२ मध्ये पश्चिम सिडनीत जीडब्ल्यूएस जायंट्स अशा दोन टीम उतरवल्या. गाजावाजा व्हावा म्हणून लीगचे दोन स्टार, कार्माइकल हंट आणि इस्राएल फोलाऊ, पैसे देऊन पळवले. फोलाऊ एकच हंगाम खेळला आणि रग्बी युनियनमध्ये गेला. सन्सला अंतिम टप्प्याचे सामने खेळायला २०२५ उजाडावं लागलं, म्हणजे १५ वा हंगाम. जायंट्स २०१९ मध्ये अंतिम फेरीत पोचले, तरी त्यांच्या घरच्या मैदानावरची गर्दी आजही स्वान्सच्या जवळपास येत नाही.

पश्चिम सिडनी आपल्यासाठीही अनोळखी नाही. पॅरामाटा, हॅरिस पार्क, ब्लॅकटाउन या पट्ट्यात भारतीय मोठ्या संख्येने राहतात. २०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक आहेत, परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर दुसरा क्रमांक. उन्हाळ्यात या घरांतली मुलं क्रिकेट खेळतात हे ठरलेलं. हिवाळ्यात काय खेळतील, यासाठी चारही कोड शाळांच्या दारात उभे असतात.

सॉकर : खेळतात सगळे, स्टँड रिकामे

सॉकरचं कोडं सगळ्यात विचित्र आहे. ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खेळला जाणारा सांघिक खेळ हाच. पण ए-लीगच्या बऱ्याच सामन्यांना दहा हजार माणसंही जमत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, इटली, क्रोएशिया, हंगेरीहून आलेल्या लोकांनी आपापले क्लब काढले. त्यातूनच १९७७ मध्ये राष्ट्रीय लीग उभी राहिली, फुटीच्या आणि रग्बीच्याही आधी. पण 'हा परक्यांचा खेळ' असा शिक्का बसला. पुढे क्लबांना मूळ देशाची ओळख सांगणारी नावं टाकायला लावली आणि २००५ मध्ये ए-लीग नव्या क्लबांनिशी सुरू झाली. नव्या क्लबांकडे लोगो होते, पण आजोबांपासून चालत आलेला चाहता नव्हता.

राष्ट्रीय संघ खेळतो तेव्हा चित्र पालटतं. नोव्हेंबर २००५ मध्ये उरुग्वेला पेनल्टीवर हरवून ऑस्ट्रेलिया वर्ल्डकपला गेला, तेव्हा सिडनीत ८२,६९८ लोक होते. २०२३ च्या महिला वर्ल्डकपमध्ये 'मटिल्डाज'चा इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना टीव्हीवर सरासरी ७० लाखांवर लोकांनी पाहिला. २००१ पासून आताच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली, तेव्हापासून एवढा प्रेक्षक कुठल्याच कार्यक्रमाला मिळाला नव्हता. मुलींना आपल्याकडे ओढण्यासाठी एएफएलने २०१७ मध्ये आणि एनआरएलने २०१८ मध्ये महिला लीग सुरू केली होती, ती शर्यत आता आणखी तापली आहे.

रग्बी युनियनची अवस्था याहून नाजूक. १९९१ आणि १९९९ चे विश्वविजेते, पण देशांतर्गत पाया लहान. मेलबर्न रेबेल्स ही त्यांची टीम २०११ मध्ये आली आणि २०२४ मध्ये बंद पडली. २०२७ चा रग्बी वर्ल्डकप ऑस्ट्रेलियात आहे, युनियनची सगळी आशा त्यावर आहे.

आता मैदानात सरकारं

सध्याच्या विस्तारात नवी गोष्ट म्हणजे जनतेचा पैसा उघडपणे आलाय. याला मैदानाचा आकारही कारण आहे. फुटीला गोल मैदान लागतं, तेच क्रिकेटला चालतं. गाबा, ॲडलेड ओव्हल, पर्थ स्टेडियम : भारताच्या विजय-पराभवांमुळे आपल्याला पाठ असलेली ही मैदानं हिवाळ्यात एएफएलची घरं असतात. एमसीजीवर क्रिकेटचं पीच बाहेर तयार करून आणून बसवतात ते याचमुळे. रग्बी आणि सॉकरला मात्र चौकोनी मैदान हवं. म्हणजे सरकार कोणतं स्टेडियम बांधतं, यावर कोणता खेळ वाढणार हे ठरतं.

टास्मानियाचं उदाहरण घ्या. हे बेट दीडशे वर्षांपासून फुटी खेळतंय, पण स्वतःची एएफएल टीम नव्हती. मे २०२३ मध्ये परवाना मिळाला, प्रवेश २०२८ ला. अट एकच : होबार्टमध्ये २३,००० जागांचं छत असलेलं नवं स्टेडियम. खर्चाचा अंदाज वाढत १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. दवाखान्यांना आणि घरांना पैसे नाहीत आणि स्टेडियम कसलं बांधता, असा सवाल लोकांनी केला. या वादात सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार बाहेर पडले आणि सरकार अल्पमतात गेलं. जून २०२५ मध्ये प्रीमियर जेरेमी रॉकलिफ यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर झाला आणि राज्यात मुदतीआधी निवडणूक लागली. त्यातही स्टेडियम हा मोठा मुद्दा होता.

पण दुसरी बाजूही बघा. मार्च २०२४ मध्ये 'टास्मानिया डेव्हिल्स'चं १० डॉलरचं सदस्यत्व खुलं झालं आणि काही दिवसांतच एक लाखावर लोकांनी ते घेतलं. राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. एकही सामना न खेळलेल्या टीमसाठी!

लीगही मागे नाही. २०२३ मध्ये ब्रिस्बेनजवळची डॉल्फिन्स टीम आली. २०२७ मध्ये पर्थ बेअर्स येतेय. यातले 'बेअर्स' म्हणजे १९९९ नंतर संपलेला जुना नॉर्थ सिडनी क्लब, जो आता तीन हजारांवर किलोमीटर दूर पुन्हा जन्म घेतोय. आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीची टीम. या देशाचा राष्ट्रीय खेळच रग्बी लीग आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे. कारण? पॅसिफिकमधला चीनचा वाढता वावर. क्रीडा कराराच्या जोडीने सुरक्षेबाबतची समजूतही झाली आहे. रग्बीची टीम परराष्ट्र धोरणाचं हत्यार झाल्याचं एवढं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मग जिंकतंय कोण?

२०२४ चा एएफएलचा अंतिम सामना ब्रिस्बेन विरुद्ध सिडनी झाला. एमसीजीवर लाखभर लोकांसमोर दोन्ही संघ रग्बीच्या इलाख्यातले. २०२५ मध्ये एनआरएलच्या अंतिम सामन्यात मेलबर्नचा संघ होता आणि त्याला ब्रिस्बेनने हरवलं. त्याच वर्षी एएफएलचं विजेतेपदही ब्रिस्बेनकडेच गेलं. म्हणजे एकाच शहराने एका हंगामात दोन्ही कोडचे करंडक नेले. बारासी लाइन पुसली गेलेली नाही, पण तिच्यावरून येणं-जाणं वाढलंय.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. नकाशावर मोकळी जागा दिसली म्हणून उतरवलेल्या टीमांना एकतर गाशा गुंडाळावा लागला, नाहीतर उभं राहायला पंधरा-वीस वर्षं आणि पाण्यासारखा पैसा लागला. जिथे लोक आधीपासून वाट बघत होते, तिथे सामना होण्याआधीच रांग लागली. आणि जिथे लोकांचा क्लब काढून घेतला, तिथे काहींनी तो भांडून परत मिळवला, काही कायमचे दुरावले.

त्यामुळे पुढच्या वेळी 'ऑस्ट्रेलियाचा नंबर एकचा खेळ कोणता' असा वाद दिसला, की आधी एवढंच विचारा : मोजताय काय? खुर्च्या मोजल्या तर फुटी. टीव्हीसमोर चुरस आहे आणि लीग तिथे ताठ मानेने उभी आहे. खेळणारी पोरं मोजली तर सॉकर. २०२७ मध्ये पर्थ, २०२८ मध्ये टास्मानिया आणि पापुआ न्यू गिनी मैदानात उतरतील, तेव्हा पहिल्या सामन्याची गर्दी बघून हुरळून जायचं कारण नाही. पाचव्या वर्षी, पावसाळी रविवारी, हरणाऱ्या टीमसाठी किती लोक येतात, तो आकडा खरा.